प्रमाण डोळा

४ जानेवारी

ही वही बायकोनं आणून दिली. म्हणाली, "जेवताना रोज त्या मशीनचं पुराण लावता, ते आता यात लिहा. वही मधेच उठून जात नाही."

तर लिहितो. मी डोळ्यांच्या दवाखान्यात टेक्निशियन आहे. माझी खोली आतल्या बाजूला, पडदे ओढलेली. तिथे एक यंत्र, पेशंटची खुर्ची आणि माझं स्टूल. यंत्र डोळ्याच्या आतल्या मज्जातंतूंच्या थराची जाडी मोजतं, डोळ्याला हात न लावता. पेशंट घाबरून विचारतात, कसं मोजता? त्यांना जे सांगतो तेच इथे उतरवतो. यंत्रातून डोळ्यात जाणारा प्रकाश साधा नसतो. त्याच्या लहरी एकाच दिशेनं हलतात, त्याला ध्रुवित प्रकाश म्हणतात. डोळ्याच्या पडद्यावर मज्जातंतू विंचरलेल्या केसांसारखे एका वळणानं पसरलेले असतात. त्यांच्यात शिरला की या प्रकाशाचे दोन भाग होतात. एकाच घरातून बरोबर निघालेले दोन भाऊच समजा. एक सरळ निघून जातो, दुसरा तंतूंमध्ये रेंगाळतो. बाहेर येईपर्यंत दुसरा किती मागे पडला, ते यंत्र मोजतं. थर जाड, तर उशीर जास्त. थर झिजलेला, तर दोघे जवळजवळ बरोबरच बाहेर. म्हणजे आमच्या खोलीत उशीर हीच तब्येत.

हे बायकोला सांगितलं होतं. ती म्हणाली, "मग घरी यायच्या वेळेवरून तुम्ही पैलवानच आहात."

चहा सांडला. कप कोपराशी ठेवून गेली आणि सांगितलं नाही. पहिल्याच पानावर डाग.

९ जानेवारी

चाचणीचा डोळा फुटला.

यंत्राबरोबर एक नकली डोळा आला होता, लिंबाएवढा. त्याचा आकडा ठरलेला. रोज सकाळी तो यंत्रासमोर बसवायचा, यंत्रानं तोच आकडा दाखवला की दिवस सुरू. आज काउंटरवरच्या बाईंनी त्याची डबी स्टुलाच्या डावीकडच्या बुटक्या टेबलावर ठेवली होती. मी वळलो, डबी खाली, डोळा फरशीवर, आरपार तडा.

या बाईंना मी मनातल्या मनात 'घंटी' म्हणतो, कारण दिवसभर टेबलावरची घंटी वाजवतात. मी म्हणालो, "बाई, ही काय ठेवायची जागा झाली?"

"सर, पाच वर्षं तिथेच ठेवते."

"मग पाच वर्षं चुकीच्या जागी ठेवताय."

त्यांनी वाकून डोळा उचलला आणि डबीत ठेवला. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. डॉक्टर मॅडमनी कंपनीला कळवायला सांगितलं. नवा डोळा परदेशातून येणार, काही महिने लागतील. "तोवर काय करणार?" मॅडमनी विचारलं.

मी म्हणालो, "तोवर माझा डोळा आहे की!"

हे मी थट्टेनं म्हणालो नाही. यंत्र बसवलं त्या दिवशी मेकॅनिकनं पहिला फोटो माझ्याच डाव्या डोळ्याचा काढला होता. आकडा अठ्ठावन्न. आलेखाला दोन सुरेख उंचवटे, एक डोळ्याच्या वरच्या तंतूंचा, एक खालच्या, दोन वशिंडांच्या उंटाच्या पाठीसारखे. तो कागद अजून माझ्या भिंतीवर आहे आणि पेशंटना मी तोच दाखवतो, की निरोगी डोळा असा असतो. हातच्या काकणाला आरसा कशाला?

१२ जानेवारी

यंत्र चुकतंय.

सकाळी मी हनुवटी टेकवून बसलो आणि बाईंनी बटण दाबलं. एकोणपन्नास. पुन्हा दाबायला सांगितलं. अठ्ठेचाळीस. भिंगं पुसली, खुर्ची वर-खाली केली, पुन्हा एकोणपन्नास. खालचा उंचवटा ठीक, वरचा बसलेला.

आधी मनात आलं, यंत्र इतकं खाली वाचत असेल तर कधीपासून? तडा जाण्याआधी नकली डोळ्याचा आकडा बरोबर येत होता, पण खरं सांगायचं तर त्या आकड्याकडे मी हल्ली नीट बघत नव्हतो. डोळा लावायचा, बटण दाबायचं, पुढचा पेशंट. सवयीचं काम.

मग दुसरा विचार आला आणि मी उठून उभाच राहिलो. दादा!

दादा माझा थोरला भाऊ. माल उतरवण्याच्या यार्डात क्रेन चालवतो. त्याला काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढून मज्जातंतू वाळत जातात, दुखत नाही, खुपत नाही, आणि गेलेलं परत येत नाही. दोन वर्षं थेंबांवर आहे. नोव्हेंबरमध्ये त्याचा थर आणखी पातळ दिसला, आकडा चव्वेचाळीस, आणि मॅडम ऑपरेशनचं बोलायला लागल्या. तेव्हापासून वहिनी झोपलेली नाही. वर्षातून एकदा दादाला दवाखान्याचा दाखला लागतो. तो मिळाला नाही तर क्रेनवरून खाली. तीस वर्षं वर बसलेल्या माणसाला खाली काय करायचं ते ठाऊक नसतं.

पण यंत्रच खाली वाचत असेल, तर दादाचा आकडाही खोटा. चव्वेचाळीस नव्हेच तो! पेशंटचे आकडे चुकले म्हणून मला वाईट वाटायला हवं होतं, आणि मी मात्र शीळ घालत घरी आलो. लिहून ठेवतो, वही काही बोलणार नाही.

१५ जानेवारी

मेकॅनिकला फोन केला. तो दुसऱ्या शहरात. म्हणाला, यंत्राच्या आतल्या पानावर दुरुस्तीचा आकडा भरायची सोय आहे. खरा आकडा भरला की यंत्र सगळ्या फोटोंना त्या प्रमाणात वर घेतं.

"पण साहेब, ती सोय नकली डोळ्यासाठी आहे. तुमचा डोळा चांगला आहे ना, नक्की?"

"अहो, वाचायचा चष्मा सोडला तर काही नाही. आणि पहिला फोटो तुम्हीच काढलाय."

"मग भरा. नवा डोळा आला की मी येऊन बघतोच."

अठ्ठावन्न भरले. पुन्हा हनुवटी टेकवली. अठ्ठावन्न. मॅडमना सांगितलं, की यंत्र खाली वाचत होतं, मी माझ्या डोळ्यावर लावून घेतलंय. त्या हातमोजे चढवत होत्या. "तुमच्यावर सोडलं," म्हणाल्या.

माझ्यावर सोडलं. हे वाक्य ऐकायला मला अकरा वर्षं लागली.

२२ जानेवारी

दादा आला. खुर्चीत बसताना म्हणाला, "बारक्या, तू डोळ्यात तेल घालून बघ, मी डोळ्यात थेंब घालून बघतो."

आकडा एक्कावन्न. मी कागद हातात घेऊन मॅडमच्या खोलीत जवळजवळ पळत गेलो. त्यांनी नोव्हेंबरचा कागद शेजारी ठेवला आणि भुवया वर केल्या. "तंतू वाढत नसतात."

"वाढले नाहीत, मॅडम. नोव्हेंबरमध्ये यंत्र खाली होतं."

"हं. तरी एकदा घुमटाची तपासणी करून घ्या."

घुमटाची तपासणी म्हणजे एका पांढऱ्या घुमटात तोंड घालून बसायचं, कडेला बारीक दिवा चमकला की बटण दाबायचं. कडेचं किती दिसतं ते त्यातून कळतं. दादाला त्यात झोप येते. मागच्या वेळी घोरायला लागला होता, तपासणी रद्द धरली. आजही म्हणाला, "नको रे, त्या भांड्यात डोकं घातलं की माझे डोळे मिटतात." मीही म्हणालो, राहू द्या, थर तर टिकलाय. मॅडमनी बाहेरची गर्दी पाहिली आणि ऑपरेशन पुढे ढकललं. तेच थेंब चालू. दाखल्यावर सही.

वहिनीचा फोन आला. बोलण्यापेक्षा रडलीच जास्त. "भावजी, तुमचे उपकार," म्हणाली. मी म्हणालो, उपकार कसले, यंत्राचा स्क्रू ढिला होता.

३ फेब्रुवारी

दवाखान्याच्या पायऱ्यांवर पडलो. शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा बुटकी आहे. झाडणाऱ्या माणसाला म्हणालो, निदान कडेला पांढरा पट्टा तरी ओढा. तो म्हणाला, सगळ्या पायऱ्या सारख्याच आहेत, हवं तर मोजा. गुडघा सोलला.

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं." बोरिक पावडर लावताना मात्र फुंकर घालत होती.

११ फेब्रुवारी

गंमत झाली. आज पेशंट कमी, म्हणून बाईंना खुर्चीत बसवलं. म्हटलं बघू, तुमच्यात किती नसा आहेत. आकडा आला अडुसष्ट, आणि यंत्रानं शेजारी खूण केली, की अपेक्षेपेक्षा फार जास्त.

"म्हणजे काय सर, वाईट?"

"वाईट कसलं! एवढं फोनवर बोलायचं तर नसाही जास्तच लागणार."

हसल्या. पुष्कळ दिवसांनी हसल्या. मग म्हणाल्या, "पण सर, मशीन स्वतःच जास्त म्हणतंय, तर..." मी म्हणालो, माणसामाणसांत फरक असतो. तो असतोच.

तरी दुपारभर ती खूण डोळ्यांपुढून हलली नाही. गेल्या आठवड्यात एका कॉलेजच्या मुलीलाही तशीच खूण आली होती. तरुण डोळा, म्हणून मी सोडून दिलं. बाई काही तरुण नाहीत.

२ मार्च

सुट्टीचा दिवस. बायकोनं उलटतपासणी घेतली.

"ताटात डाव्या बाजूला वाढलेलं तुम्ही खात नाही हल्ली."

"दिसलं तर खाईन. इतकं कडेला वाढतेस."

"ताट गोल आहे, त्याला कड कुठली? आणि खालच्या मजल्यावरच्या कुत्र्याला काल तुडवलंत."

"तेच पायात आलं."

ती माझ्यासमोर येऊन बसली. मग विचारलं, "अहो, तुमचे डोळे कोण तपासतं?"

मी हसलोच. "अगं, माझा डोळा रोज सकाळी तपासला जातो! शहरात दुसऱ्या कुणाचा तपासला जात नसेल इतका."

तिचं समाधान झालेलं दिसलं नाही. बायकांना एकदा शंका आली की ती घरातल्या मांजरासारखी, बाहेर सोडली तरी परत येते. म्हणाली, "तुमचे बाबा शेवटी भिंतीला हात लावून चालायचे."

"ते म्हातारपण."

"तेव्हा त्यांचं वय माझ्या आताच्या वयाएवढंच होतं."

तिनं उगाच काढलं. बाबांचे डोळे कुणी कधी मोजलेच नाहीत, तेव्हा असलं यंत्र कुठे होतं? आणि दादा बाबांवर गेलाय. मी आईवर, नाकापासून पायाच्या बोटांपर्यंत.

१८ मार्च

वर्तमानपत्राची छपाई बिघडली आहे. एक ओळ संपवून खालच्या ओळीवर आलं की पहिला शब्दच सापडत नाही. आता मी डाव्या हाताचं बोट समासावर ठेवून वाचतो. पेपरवाल्याला सांगितलं, दुसरा टाक. दुसराही तसाच.

९ एप्रिल

यंत्र पुन्हा ढिलं पडलं. माझा डोळा छप्पन्न. पुन्हा आतल्या पानावर जाऊन अठ्ठावन्न केले. या वेळी मॅडमना सांगितलं नाही. दर वेळी काय सांगायचं, माझ्यावर सोडलंय त्यांनी.

तरी खुर्चीत बसल्या बसल्या वाटून गेलं, की यंत्र नेहमी खालीच का सरकतं? बिघडलेलं घड्याळ कधी पुढे जातं, कधी मागे. हे मेलं एकाच बाजूला. मेकॅनिकला विचारायचं होतं, पण बाहेर घंटी वाजली.

२० एप्रिल

दादाकडे गेलो होतो. वहिनी बाहेर गेलेली, आम्ही दोघेच. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाला, "बारक्या, एक विचारू? वरून खाली बघताना कधी कधी मालाच्या अलीकडची जागा... म्हणजे असते, पण नसल्यासारखी वाटते. काळी नाही. धुकंही नाही. तिथे फक्त काही नसतं."

मी मोबाइलवर त्याच्या फोटोचा आलेख काढून दाखवला. "हा बघ तुझा थर. एक्कावन्न. काही झालेलं नाही. वय झालं, दमतोस."

त्यानं आलेखाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तू म्हणतोस तर," म्हणाला. मग आम्ही पत्ते खेळलो. तो हरला. मीही एक पान खाली पडलेलं उचललं नाही म्हणून त्यानं मला चोर ठरवलं. लहानपणीसारखं भांडलो. छान वाटलं.

१४ मे



दुपारी वहिनीचा फोन. यार्डात दादाच्या क्रेनवरून उतरणारी लोखंडी पेटी खाली उभ्या असलेल्या हमालाच्या अंगावर गेली. तो शेवटच्या क्षणी ओरडून मागे उडी मारून वाचला. पावलाची दोन बोटं मात्र चिरडली. मी यार्डात गेलो तेव्हा दादा मुकादमाच्या खोलीत बाकावर बसला होता. मुकादम म्हणाला, "तीस वर्षांत याच्या हातून पेटीला ओरखडा गेला नव्हता."

दादा एवढंच म्हणत होता, "मला तो दिसलाच नाही."

आणि मी काय बोललो? सगळ्यांसमोर म्हणालो, "दिसला कसा नाही? डोळे ठणठणीत आहेत तुझे, मी स्वतः मोजलेत! लक्ष कुठे होतं?"

त्यानं मान खाली घातली. मुकादमानं लिहून घेतलं, दृष्टी चांगली, निष्काळजीपणा. माझ्या तोंडचे शब्द. दादाला कामावरून घरी बसवलं, चौकशी होईपर्यंत.

घरी बायकोनं ताट वाढून ठेवलं. एवढंच म्हणाली, "भावाला असं चारचौघांत बोलतात का?" मला झोप येणार नाही. मी खरं तेच बोललो ना? आकडा तर खोटं सांगत नाही.

१६ मे

दादाकडे गेलो. दार वहिनीनं उघडलं, पण आत या म्हणाली नाही. आतून दादाचा आवाज आला, "त्याला आत घे, उगाच कशाला." बसलो. त्यानं विचारलं, "त्या पोराचा पाय कसा आहे?" मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

६ जून

चाचणीचा नवा डोळा आला. मेकॅनिक परवा येतोय. बरं झालं, एकदाचं यंत्राचं तोंड सरळ होईल.

८ जून

काय झालं ते क्रमानं लिहितो, नाहीतर लिहिता येणार नाही.

मेकॅनिकनं नवा डोळा बसवला. त्यावर त्याचा खरा आकडा छापलेला होता. यंत्रानं पुष्कळ जास्त दाखवला. त्यानं दुसऱ्यांदा केलं. तसाच. मग आतलं पान उघडून तो माझी दुरुस्ती बघत राहिला.

"साहेब, यंत्र वर वाचतंय."

"खाली वाचत होतं, म्हणून तर वर घेतलं."

त्यानं माझी दुरुस्ती पुसून टाकली, एकही स्क्रू न हलवता, आणि पुन्हा बटण दाबलं. डोळ्यावर छापलेला आकडा आणि पडद्यावरचा आकडा तंतोतंत जुळले.

मी म्हणालो, "पुन्हा करा."

त्यानं पुन्हा केलं. तिसऱ्यांदाही केलं, मी मागितलं म्हणून. मग हळू आवाजात म्हणाला, "यंत्र कधीच बिघडलं नव्हतं."

खोलीत अंधार असतोच, पण तेव्हा मला पहिल्यांदा त्याची भीती वाटली. भिंतीवर माझा पाच वर्षांपूर्वीचा कागद होता. माझ्या डोक्यात पहिल्यांदा माझा डोळा आला नाही. दादा आला. चव्वेचाळीस खरे होते. एक्कावन्न मी केले होते. तो बाकावर बसून सांगत होता, दिसला नाही, दिसला नाही, आणि मी त्याला आकडा फेकून मारला.

मग बाई आठवल्या. अडुसष्ट. ती खूण. त्या कॉलेजच्या मुलीची खूण. ओळीतला हरवलेला शब्द. पायरी. कुत्रं. ताट. सगळं एकदम आलं. मी स्टुलावर बसायला गेलो आणि स्टूल डावीकडे होतं ते मला दिसलं नाही. मेकॅनिकनं मला धरलं.

९ जून

मॅडमनी स्वतः फोटो काढला. मी खुर्चीत, त्या माझ्या स्टुलावर. अकरा वर्षांत हजारो लोकांना सांगितलं असेल, हलू नका, समोरच्या दिव्याकडे बघा. आज कळलं की तो दिवा किती एकटा दिसतो.

दोन्ही डोळे. डाव्याचा थर वरच्या बाजूला जवळपास गेलेला, उजव्याचा निम्मा. वरचे तंतू गेले की खालचं दिसत नाही, हे मी लोकांना पाठ म्हणून सांगायचो. फोटोच्या रंगीत नकाशात जिथे जाड थराचा पिवळा-तांबडा पट्टा हवा तिथे सपाट निळं होतं. माझ्या डोळ्यात आता प्रकाशाला उशीर होत नाही. घुमटाची तपासणीही केली. डावीकडे खाली मोठं भगदाड. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या डोळ्यातला दाब मोजला गेला. कपाळाला आठ्या घालून मॅडम म्हणाल्या, "कधीच मोजला नाहीत? इथे बसून?"

"मला वाटलं, रोज मोजतोय."

त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर चाललं असतं. म्हणाल्या, "दाखल्यावर सही माझी आहे. मी हातमोजे घालत होते, एक मिनिट थांबायला हवं होतं मला." मग म्हणाल्या, जानेवारीपासूनच्या प्रत्येक पेशंटला परत बोलवायचं. कारण सांगून.

बायकोला सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, मी सांगत होते. तिनं एवढंच विचारलं, "आत्ता मी कुठे दिसतेय तुम्हाला?" ती माझ्या डाव्या हाताला, चटईवर बसली होती. मी मान वळवून, खाली घालून शोधली तेव्हा दिसली. तिनं तोंडाला पदर लावला.

१३ जून

फोन करतोय. मी आणि बाई, आळीपाळीनं. मी वाक्य बसवलं होतं, तांत्रिक कारणामुळे वगैरे. दुसऱ्या फोनला ते अर्ध्यावरच सोडलं. आता सरळ सांगतो, माझ्या हातून चूक झाली, तुमचा आकडा खरा नव्हता, पुन्हा या. काही लोक फोन ठेवून देतात. एकानं शिव्या दिल्या. एक आजी म्हणाल्या, "अरे बाळा, तुझा आवाज का असा येतोय?" मी फोन बाईंकडे दिला.

डबी मी पाडली होती, बाईंनी नाही, हेही त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "सर, मला तेव्हाच माहीत होतं. टेबल तिथेच होतं."

मुकादमाकडे गेलो. लिहून दिलं, की निष्काळजीपणा दादाचा नव्हे, मापाचा, आणि माप माझं. त्या हमालाकडेही गेलो. पाय उशीवर ठेवून बसला होता. मला म्हणाला, "तुम्ही कशाला आलात, तुम्ही तर डॉक्टरकडचे." समजावून सांगितलं. त्याला पटलं की नाही, कळलं नाही.

१७ जून

आज दादाचा फोटो. खरा. एकेचाळीस. नोव्हेंबरपासून आणखी घसरलाय. तेव्हाच ऑपरेशन झालं असतं तर हे वाचलं असतं. मॅडमनी पुढच्या आठवड्याची तारीख दिली. क्रेन संपली, यार्डात खाली हजेरी घ्यायचं काम देतो म्हणालेत. माझे थेंब सुरू झाले, आणि यंत्र आता बाई शिकतायत.

दादाला सगळं मी स्वतः सांगितलं, मॅडमच्या आधी. यंत्र, दुरुस्ती, माझा डोळा, सगळं. तो ऐकत राहिला. मी म्हणालो, मार मला. तो म्हणाला, "इथे नको, पेशंट बघतायत."

दोघे बाहेर आलो. पायऱ्यांपाशी मी थांबलो, कारण आता ठाऊक आहे की मला दिसत नाहीत. दादानं हनुवटी छातीला टेकवली, पाय पुढे घासत कड शोधली आणि उतरला. सराईतासारखा. वळून म्हणाला, "असं कर. मान पार खाली घाल, मग दिसते पायरी. कठड्याचा हात सोडू नको."

"तू कधीपासून असा उतरतोस?"

"झालं असेल वर्ष."

"दादा, मग बोलला का नाहीस?"

"बोललो की. तू आलेख दाखवलास."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी उतरू शकलो असतो. तो खालच्या पायरीवर हात पुढे करून उभा राहिला. "बारक्या, तू म्हणालास डोळे चांगले आहेत," तो म्हणाला, "मग मला वाटलं, चांगल्या डोळ्यांनाही या वयात असंच दिसत असेल. तुलाही."